दोरीवरचा कोट

सकाळी पावणेसहाला इस्त्रीवालीने अर्थमंत्र्यांच्या शर्टाची कॉलर उलटी केली, तिच्यावर पाण्याचा हबका मारला आणि तापलेली इस्त्री टेकवली. चर्र झालं. कॉलर आधी आतून दाबायची, मग बाहेरून, आणि टोकांकडून मधे यायचं. नाहीतर चुणी टोकाशी जाऊन बसते आणि माणूस दिवसभर कान टवकारल्यासारखा दिसतो. हे तिला सासूने शिकवलं होतं. सासू आता मागच्या खोलीत खाटेवर असते. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे.

दुकान मोक्याच्या जागी आहे. एका अंगाला मंत्र्यांची वसाहत, नदीकाठची, झाडाझुडपांची. दुसऱ्या अंगाला गल्ली. तीही नदीकाठचीच, पण तिथल्या भिंतींना ओल येते एवढाच तिचा नदीशी संबंध. दोन्हींच्या मधे उंच दगडी भिंत आणि भिंतीत एक लोखंडी फाटक. फाटक सकाळी थोडा वेळ उघडतं, इस्त्रीवालीचा नवरा गाठोडी घेऊन ये-जा करतो, की पुन्हा कुलूप. बाकीच्या गल्लीला पुलाकडे जायचं तर भिंतीला मोठा वळसा घालून, दोन माणसं समोरासमोर आली की एकाने अंग चोरावं अशा बोळातून जावं लागतं.

दुकानावर गच्ची आणि गच्चीवर दोरी. ती सगळ्या गल्लीला दिसते, आणि गल्लीने ती वाचायला केव्हाच शिकून घेतलंय. प्रत्येक बंगल्याची जागा ठरलेली आहे: डाव्या टोकाला सरकारच्या प्रमुखांचे शर्ट, मग अर्थवाले, मग रस्तेवाले, असं करत पार कोपऱ्यापर्यंत. कोट जास्त दिसले की अधिवेशन आहे. शर्ट कमी झाले की दौरा. काळे कपडे एकदम आले की कोणीतरी मोठं गेलं. पलीकडचा पंक्चरवाला म्हणतो, "पेपर उद्या सांगतो, वहिनींची दोरी आज सांगते."

त्या मंगळवारी दोरी भरलेली होती. नदीवरच्या धरणाला तडा गेल्याची बातमी येऊन तीन दिवस झाले होते. सरकारने आधी सांगितलं, तडा नाही, ओरखडा आहे. मग सांगितलं, तडा आहे, पण जुना आहे. काळजीचं कारण नाही, अभियंते काम करत आहेत. गल्ली रेडिओ ऐकायची, मान वर करून दोरीकडे बघायची आणि कामाला लागायची. दोरी भरलेली आहे म्हणजे बंगले भरलेले आहेत. मोठी माणसं काही बुडायला थांबायची नाहीत.

सहा वाजले आणि फाटकातून रस्तेवाल्या मंत्र्यांचा ड्रायव्हर आला. रोज हा माणूस दुकानात आला की आधी बाकावर बसतो आणि साहेबांची नक्कल करतो. त्या दिवशी उभाच राहिला.

"ताई, आमचे कपडे द्या."

"दुपारी येतील की. आत्ताच धुऊन वर टाकलेत."

"असतील तसे द्या."

"ओले आहेत दादा."

"ओलेच द्या. साहेबांना बाहेरगावी लग्नाला जायचंय."

"ओल्या शर्टाने? नवरदेवाला आंघोळ घालायला जाताय का?"

ड्रायव्हर हसला नाही. तिने वरून काढून आणलेले शर्ट तिच्याकडे न बघता त्याने बादलीत कोंबले आणि बादलीसकट गेला. ती बादली तिची होती. परत आणून देतो असंही तो म्हणाला नाही.

त्यानंतर रांगच लागली. अर्थवाल्यांकडून स्वयंपाकी आला, प्रमुखांकडून दोन पहारेकरी, शिक्षणवाल्या बाई तर स्वतःच, डोक्याला स्कार्फ बांधून. कोणी अर्धवट इस्त्रीचे नेले, कोणी खळीच्या पाण्यातले. खळीतले शर्ट वाळल्यावर पत्र्यासारखे होतात हे तिने सांगितलंही, पण ऐकायला कोण थांबतंय? नऊच्या सुमाराला ती गच्चीवर गेली, तेव्हा दोरीवर नुसते चिमटे होते. चिमण्या बसाव्यात तसे.

खाली गल्लीत एकेक मान वर होत होती. मग कुठेतरी ट्रंक ओढल्याचा आवाज आला, मग दुसऱ्या घरात, आणि बघता बघता सगळी गल्ली खरवडल्यासारखी वाजायला लागली.

"सूनबाई," सासूने हाक मारली, "ही खरखर कसली?"

"दोरी रिकामी आहे, सासूबाई."

सासूने विचारलं, "सगळी?"

"सगळी."

"म्हणजे पळाले मेले."

हाच तर घोर होता. गल्लीतल्या तरण्याताठ्यांना पळता येईल. सासूला उचलून न्यायला दोन धडधाकट माणसं हवीत, आणि बोळात एकदा गर्दी झाली की खाट सोडा, खुर्चीही निघणार नाही. अशी म्हातारी गल्लीत घरटी एक होती. नवरा म्हणाला, "अगं, मी आईला पाठीवर घेतो." सासू आतून म्हणाली, "आधी स्वतःची पाठ बघ."

अकराच्या आत माहिती खात्याचा साहेब आला. दाढी वाढलेली, डोळे लाल, काखेत नव्या पांढऱ्या शर्टांचा गठ्ठा. माणूस वाईट नव्हता. त्याने बूट दाराबाहेर काढले आणि आधी पाणी मागितलं.

"ताई, हे वर वाळत घाला. ज्याच्या त्याच्या जागी. दोरी भरलेली दिसली पाहिजे."

"हे तर कोरे आहेत. घड्यासुद्धा मोडलेल्या नाहीत."

"भिजवा आणि लावा. लोक बिथरलेत. हे सगळे एकदम बोळात शिरले तर धरण फुटायच्या आत पन्नास माणसं चेंगरतील. खोटं बोलतोय का मी?"

खोटं नव्हतं. तिने विचारलं, "धरण फुटणार आहे का साहेब?"

"माहीत नाही. अभियंत्यांनाही माहीत नाही."

"तुमची मंडळी कुठं आहेत?"

साहेबाने ग्लास खाली ठेवला. "मेहुण्याकडे पाठवली. परवाच."

ती वर गेली आणि तिने शर्ट लावले. सरकारने सांगितलं म्हणून, चेंगराचेंगरी नको म्हणून, आणि हाताला दुसरं काही येत नव्हतं म्हणूनही. हात आपोआप चालले: डावीकडे प्रमुख, मग अर्थवाले, मग रस्तेवाले. शेवटचा चिमटा लावून तिने खाली पाहिलं. समोरच्या घरातली बाळंतीण बांधलेल्या गादीची दोरी सोडत होती. तिने वर बघून हात हलवला. इस्त्रीवालीने हात हलवला नाही. बाळ कडेवर घेऊन ती पोर आत गेली आणि घरातून भांड्यांचे रोजचे आवाज यायला लागले.

जिना उतरून ती खाली आली तर पंक्चरवाला दारात.

"वहिनी, रस्तेवाल्यांचा शर्ट कसा काय हो वर?"

"का?"

"पहाटे त्यांच्या गाडीच्या चारी चाकांत मीच हवा भरली. डिकीत कपाट सोडून सगळं होतं. कुत्रासुद्धा पुढच्या सीटवर." त्याने आवाज खाली आणला. "तुम्ही लावलात?"

तिने होय म्हणून मान हलवली.

"मी काय करू मग? पोरांना घेऊन निघू का बसू? तुमच्या दोरीवर विसंबून मी इतकी वर्षं छत्रीसुद्धा बाहेर काढली नाही."

बाकावर साहेब खाली मान घालून बसला होता. तेवढ्यात भिंतीचं फाटक करकरलं.

मंगळवार हा भिंतवाल्या बाईंच्या कोटाचा दिवस. हे नाव गल्लीने ठेवलेलं. बांधकाम खातं हातात असताना ही भिंत त्यांनीच घातली होती. त्याच वर्षी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या टपऱ्याही त्यांनीच उठवल्या. पुढे पक्षात त्यांचं कोणाशी पटेना, म्हणून त्यांना ढकलत ढकलत गाईगुरांच्या खात्यापर्यंत आणून ठेवलं होतं. पंचाहत्तरीच्या पुढच्या, ठेंगण्या, कोणाचं चांगलं बोलल्याचं कोणाला आठवत नाही अशा. त्यांचा डाळिंबी रंगाचा लोकरी कोट मात्र सगळ्या शहराला ठाऊक. दर मंगळवारी तो नोकर घेऊन यायचा. त्या दिवशी बाई स्वतः कोट हातावर टाकून आल्या. दुकानात त्यांनी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं.

"नोकरांना घरी पाठवलंय. त्यांना पोरंबाळं आहेत," त्या म्हणाल्या. जणू कोणी खुलासा मागितला होता. मग बाहेर जाऊन त्यांनी मान वर केली आणि दोरीकडे बराच वेळ पाहिलं.

"रस्तेवाला परत आला?"

"नाही बाईसाहेब."

"मग त्याचा शर्ट एकटाच आला होय?"

साहेब उठून उभा राहिला. चेंगराचेंगरीचं त्याने त्यांनाही सांगितलं. बाईंनी मधे तोंड घातलं नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, "म्हणजे घाबरले तर चेंगरतील, आणि नाही घाबरले तर बुडतील." त्या स्टुलावर बसल्या. इस्त्रीवालीने पाणी पुढे केलं, ते त्यांनी हातात धरून ठेवलं. दुकानात फक्त इस्त्रीचा दिवा लुकलुकत होता.

"ही माणसं खरंच दोरी वाचतात?"

"वाचतात."

"माझा कोट ओळखतात?"

"तान्हं पोरसुद्धा ओळखतं."

"बघून शिव्या देत असतील."

आतल्या खोलीतून सासू ओरडली, "देतात!"

बाईंच्या चेहऱ्यावरची एक रेष हलली. "मग टांग वर. मधोमध."

"बाईसाहेब, लोकरी कोट आहे. दोरीवर चिमट्याने लावला तर खांदे ओघळतील. चिमटे गंजलेत, डाग..."

"टांग म्हटलं ना."

बाई पायरीवर उभ्या राहिल्या. गल्ली गोळा व्हायला वेळ लागला नाही. ही बाई आपल्या दारात काय करते हे बघायलाच निम्मे आले. त्यांना भाषणाची सवय होती, पण त्या दिवशी भाषण केलं नाही.

"वरचे शर्ट रिकामे आहेत," त्या म्हणाल्या. "माणसं गेली. तुम्हीही जायचंय. पण पळत नाही, चालत. आधी म्हातारी आणि आजारी, मग लेकुरवाळ्या, मग बाकी. बोळातून कोणी जायचं नाही, फाटकातून जायचं. हा कोट माझा आहे. तो वर आहे तोवर मी इथं आहे. धरणावर माझा माणूस बसलाय, पाणी सुटलं तर पहिला फोन मला येईल. शर्ट उतरले तरी घाबरू नका. कोट उतरला तरच पळा."

मागून कोणीतरी ओरडलं, "आणि तुम्ही का नाही गेलात?"

"मला पळताना बघायची फार जणांची इच्छा आहे," बाई म्हणाल्या. "ती मी पुरी करणार नाही."

इस्त्रीवालीला नंतर कितीदा तरी वाटलं, की त्या जर "तुमच्यासाठी थांबले" म्हणाल्या असत्या तर गल्लीने एक अक्षरही खरं मानलं नसतं. हे मात्र सगळ्यांना पटलं. या बाईचा हेका गल्लीने अंगावर झेललेला होता. भिंतीएवढाच तो पक्का आहे हे त्यांना माहीत होतं.

फाटकावरचा पहारेकरी अडून बसला. "वरून आदेश लागतो, बाईसाहेब."

"वर कोण उरलंय? मीच आहे. उघड."

त्याने उघडलं.

मग त्यांनी इस्त्रीच्या टेबलावर फोन ठेवला आणि एकेकाला गाठायला सुरुवात केली. इस्त्रीवाली शेजारीच उभी होती. आयुष्यभर या लोकांच्या कॉलरी दाबल्या, पण ते एकमेकांशी कसे बोलतात हे ती पहिल्यांदा ऐकत होती. रस्तेवाल्यांना बाई म्हणाल्या, "तुमचा शर्ट इथं वाळतोय. तुम्ही कुठं आहात? ... लग्नाला? बरं. अक्षता पडल्या की पुलाच्या या टोकाला बसगाड्या पाठवा. नाही जमत? मग तुमच्या शर्टाचा फोटो उद्या पेपरात. खाली नाव घालायला सांगते, वर तुमचं तोंड लागेल तेवढी जागा मोकळी सोडून." फोन ठेवून त्या इस्त्रीवालीला म्हणाल्या, "बस आली की याचा शर्ट उतरव. आधी नाही."

तासाभरात बसगाड्या आल्या. अर्थवाल्यांनी रुग्णवाहिका मिळवून दिल्या, शिक्षणवाल्या बाईंनी पलीकडच्या टेकडीवरच्या शाळा उघडायला लावल्या. पळालेली माणसं, पण हुकूम करायची त्यांची ताकद त्यांच्याबरोबरच गेलेली होती, आणि बाई ती एकेकाकडून दात उपटावा तशी काढून घेत होत्या. इस्त्रीवाली दर वेळी गच्चीवर जाऊन एकेक शर्ट उतरवायची. त्या दिवशी राज्याचं सरकार म्हणजे गाईगुरांचं खातं होतं, आणि त्याचं कार्यालय तिच्या दुकानातल्या स्टुलावर.

गल्ली फाटकातून चालत निघाली. ज्यांनी आयुष्यात वसाहत आतून पाहिली नव्हती ते कापलेल्या गवताच्या कडेकडेने, चपला हातात घेऊन चालले. कोणी धावलं नाही. पुलावर पोचलेला माणूस मागे वळायचा, दूर गच्चीवर डाळिंबी ठिपका बघायचा आणि पुन्हा पावलं टाकायचा. बाळंतीणही वळली. इस्त्रीवालीने या वेळी हात हलवला. एवढीशी म्हातारी, एवढंसं लोकरीचं कापड, आणि हजारभर माणसं त्याच्या धाकाने शांत. ज्या बाईला चांगलं बोलता येत नाही तिच्यावर लोक एवढे कसे विसंबले, हे तिला कळेना, आणि आपणही विसंबलो आहोत हे कळत होतं.

अंधार पडला तेव्हा नवऱ्याने गच्चीवर दिवा टांगला, कोटाच्या बरोबर वर. सकाळपर्यंत गल्ली जवळजवळ रिकामी झाली. सासू मात्र हटून बसली होती. तिला खुर्चीसकट दुकानात आणलं तेव्हा दोन्ही म्हाताऱ्या समोरासमोर आल्या.

"तू आधी जा," सासू म्हणाली.

"तुम्ही आधी. मी शेवटी."

"भिंत कुणी घातली?"

"मी."

"का?"

"तुमच्या गल्लीतून डास यायचे."

"डासांना भिंत कळते?"

बाईंनी थोडा विचार केला. "तेव्हा वाटलं, कळेल."

सासू एवढी हसली की खुर्ची हलली. नवऱ्याने एका बाजूने खुर्ची उचलली, दुसऱ्या बाजूने साहेबाने. तो परत गेलाच नव्हता. रात्रभर म्हाताऱ्या वाहून त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. पंक्चरवाला पुढे वाट करत चालला.

दुपारी दुकानात दोघीच उरल्या. बाई म्हणाल्या, "आण आता."

इस्त्रीवालीने कोट उतरवला. दोन्ही खांद्यांवर चिमट्यांचे गंजके डाग पडले होते, बोटाच्या पेराएवढे. बाईंनी ते पाहिले, कपाळाला आठी घातली आणि कोट अंगावर चढवला. सुजलेल्या पायांनी त्यांनी पूल चालत पार केला. हात धरू दिला नाही.

धरण फुटलं नाही. धरणाचा अडकलेला दरवाजा अभियंत्यांनी मोकळा केला आणि पाणी सोडावं लागलं. गल्लीत ते खिडकीच्या काठापर्यंत चढलं, वसाहतीत व्हरांड्यापर्यंत. माणूस एकही गेला नाही. पाणी ओसरल्यावर मंत्री परतले. चिखलात उभं राहून फोटो झाले. सरकारने वेळेवर केलेल्या नियोजनाबद्दल सरकारने सरकारचे आभार मानले. त्या बैठकीचे शर्ट तिनेच इस्त्री केले. रस्तेवाल्यांच्या ड्रायव्हरने बादली परत आणली.

आठवडाभराने फाटकाला पुन्हा कुलूप लागलं. भिंतवाल्या बाईंच्या सहीने. गल्लीतले पाचजण भेटायला गेले तर म्हणाल्या, "पूर गेला, आता काय?" पुढच्या निवडणुकीत निम्म्या गल्लीने त्यांना मत दिलं, निम्म्या गल्लीला भिंत विसरता आली नाही. सासू म्हणते, "बाई नालायकच आहे. पण उभी राहिली." ती स्वतः कोणत्या निम्म्यात होती ते सांगत नाही.

डाग अजून पुरते निघालेले नाहीत. इस्त्रीवालीने लिंबू, मीठ, बाजारात मिळतं ते सगळं करून पाहिलं. कोट दर मंगळवारी येतो, बरोबर बाईंचा निरोप येतो: "डाग गेला का?" ती उलट निरोप धाडते: "नाही." त्यावर "मग इतकी वर्षं शिकलीस काय?" एवढं येतं, आणि बाई तोच कोट घालून सभागृहात जातात.

उद्या मंगळवार. फाटक सहाला उघडेल आणि कोट येईल.